इथे पळू नये

मिस्त्रींच्या हॉलमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहिलेले तीन शब्द दिसायचे: ‘इथे पळू नये’. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं, जरा तिरकं, उर्दूतही तेच लिहिलं होतं. नव्या माणसाला वाटायचं, फरशी निसरडी असेल. फरशी चांगली खडबडीत होती. हॉलमध्ये तीन ट्रेडमिल होत्या आणि ती सूचना त्या तीन मशीनवर चढणाऱ्यांसाठी होती.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ज्याला दोन खोल्या होत्या त्यानं वर चार बांधल्या आणि होस्टेल काढलं. खाली मेस, मेसच्या शेजारी झेरॉक्स. अशाच एका गल्लीच्या टोकाला मिस्त्रींचा हॉल होता. ‘जीम’ हा शब्द त्यांना आवडत नसे. बोर्डावर ‘व्यायाम हॉल’ एवढंच होतं. त्यांचं मूळ काम शिलाई मशीन दुरुस्तीचं. पन्नाशीपर्यंत ते उदगीरपासून निलंग्यापर्यंत गावोगाव मशीन दुरुस्त करत हिंडले होते, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पुढं हैदराबादच्या कुठल्याशा हॉटेलातून बंद पडलेल्या ट्रेडमिल आणून त्यांनी त्या चालू केल्या. नाकावरच्या चष्म्याची एक काडी मोडलेली, तिच्या जागी दोरा. कुर्त्याच्या खिशात पाना आणि तेलाची लहान बुधली. बोलता बोलता ते दाराच्या बिजागरीत तेलाचा थेंब सोडत, पंख्याकडं बघत, कुणाची सायकल कुरकुरत आली तर माणसाच्या आधी सायकलची विचारपूस करत.

मी एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. दिवसाला सहा बॅच, सगळ्या उभ्यानं. वय चौतीस, साखर काठावर, कंबर कायमची धरलेली. मुलांना हृदयाचे चार कप्पे शिकवून दोन जिने चढले की माझंच हृदय तोंडाशी यायचं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. रस्त्यानं चालून बघितलं, तर दर दहा पावलांवर ‘गुड मॉर्निंग म्याडम’. त्यातला एखादा तर तिथंच वही उघडून प्रश्न विचारायचा. मग कुणीतरी मिस्त्रींचा हॉल सुचवला. तिथं अकरा ते तीन बायकांची वेळ असे.

त्या वेळेत दाराशी खुर्ची टाकून मिस्त्रींची बायको बसायची. आम्ही तिला चाची म्हणायचो. ती लसूण सोलत किंवा हरभरा निवडत बसायची आणि आत कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या घरी काय शिजलं, सगळं तिला ठाऊक असायचं. मिस्त्री त्या वेळेत आत येत नसत. नवीन बाई आली की मात्र पहिल्या दिवशी येत.

मी आले तेव्हा त्यांनी खडूनं फरशीवर एक लांब रेघ मारली.

“चपला काढा. या रेघेवरून चला.”

“डॉक्टरांनी मशीनवर चालायला सांगितलंय.”

“मशीनला येतं चालायला. तुम्हाला येतं का बघू.”

एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडं पाठ केली. मी चालले. ते भिंतीकडं तोंड करून ऐकत होते. परत जायला सांगितलं, परत यायला सांगितलं. मग तसंच पाठमोरं म्हणाले, “डाव्या पायावर तुमचा भरवसा न्हाई, म्याडम. कदी मुरगळला हुता?”

आठ वर्षांपूर्वी, माझी मुलगी पोटात असताना, क्लासच्या जिन्यावरून माझा डावा पाय घसरला होता. दोन महिन्यांत बरा झाला आणि मी विसरूनही गेले होते. पाय विसरला नव्हता. त्यांनी मला आठ दिवस मशीनला हात लावू दिला नाही. रोज रेघेवरून चालायचं, टाच आधी, बोटं नंतर. मला राग यायचा. मी शिकलेली, शिकवणारी बाई, आणि इथं अनवाणी रेघेवर चालतेय. पण नवव्या दिवशी मशीनवर चढले तेव्हा कंबर दुखली नाही, हेही खरं.

त्यांचा दुसरा नियम असा, की चालताना बोलता आलं पाहिजे. ते दाराबाहेर पायरीवर बसायचे आणि तिथून ओरडायचे, “बोला म्याडम, आवाज येत न्हाई!” काय बोलायचं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मग मी दुसऱ्या दिवशीचा धडाच म्हणू लागले. अशा रीतीनं मिस्त्रींनी माझ्याकडून पचनसंस्था, मूत्रपिंड आणि रक्ताभिसरण ऐकलं. पाचच्या वेगावर, चार चढावर, घाम पुसत मी महारोहिणी सांगायची आणि बाहेरून प्रश्न यायचा, “मंजी झडपा हायत म्हणा की! पंपावानी?” त्यांना झडपा फार आवडल्या. दोन दिवस ते झडपांबद्दलच विचारत होते. आणि माझा दम लागून वाक्य तुटलं की म्हणायचे, “बघा. बोलणं बंद झालं मंजी तुम्ही मशीन चालवत न्हाई, मशीन तुम्हाला चालवून राहिली. वेग कमी करा.”

पळणाऱ्यांबद्दल ते कधी वाईट बोलत नसत. विषय निघाला की एवढंच म्हणत, “शिलाई मशीन लई पळवली की दोरा तुटतो.”

एकदा आमच्या क्लासचे सर हॉलमध्ये आले. मालकच ते, शहरातल्या निम्म्या चौकांत त्यांचे फोटो लागलेले. मुलीच्या लग्नाआधी वजन उतरवायचं होतं. पांढरेशुभ्र बूट घालून, पुरुषांच्या वेळेत आले. त्यांनी बटण दाबत वेग वाढवला. मशीन साडेसहापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

“मिस्त्री, मशीन बिघडलंय तुमचं.”

“बिघडलं न्हाई सर, बांधलंय.” त्यांनी आतून एक स्क्रू असा बसवला होता की त्याच्या पुढं वेग चढूच नये. तिन्ही मशीनना.

“अहो, लोक बारा-बारानं पळतात. मला वेळ नाही. वीस मिनिटांत घाम निघाला पाहिजे.”

“घाम पायजे का? थांबा.” मिस्त्रींनी वेग साडेपाचवर आणला आणि चढ दहावर नेला. “आता बोलत चला. तुमच्या क्लासबद्दल बोला.”

सर बोलू लागले. निकाल, बॅचेस, पुढच्या वर्षीची नवी इमारत. सहाव्या मिनिटाला इमारत अर्ध्यातच राहिली आणि ते दांडी धरून उभे राहिले. ही हकिगत त्यांच्या ड्रायव्हरनं आम्हाला सांगितली आणि स्टाफरूममध्ये ती आठवडाभर पुरली.

सर अर्थातच पुन्हा आले नाहीत. मोठ्या रस्त्यावर नवी एसी जीम उघडली होती, तिथं जाऊन पळू लागले. आणि त्यांचं वजन खरंच उतरलं. लग्नात ते चांगले दिसले. मी हे मिस्त्रींना सांगितलं. “चांगलं झालं,” ते म्हणाले, आणि बुधलीचं टोपण लावलं.

मी त्यांच्याशी वाद घालत असे. जीवशास्त्र माझं होतं. पळण्यानं हृदय मजबूत होतं, वेळ वाचतो, तरुण हाडांना थोडे दणके मानवतात, हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. एकदा मी त्या एसी जीममध्ये जाऊन गुपचूप सात मिनिटं पळूनही आले. छान वाटलं. न राहवून दुसऱ्या दिवशी सांगितलं.

“लागतं छान,” मिस्त्री म्हणाले. “दारू बी छान लागती म्हणतात.”

“आणि इतकं पळून लोक कुठं पोचतात, असं तुम्ही मनात म्हणत असाल. पण तुमचे चालणारे तरी कुठं पोचतात? पट्टा तिथंच, माणूस तिथंच,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर चढायच्या आत पायरीवरून आवाज आला, “चालणारा घरी पोचतो, म्याडम.” रात्रभर विचार केला असावा.

महिन्यातून एक दिवस हॉल बंद असायचा. कुठला ते ठरलेलं नसे. दाराला कुलूप दिसलं की समजायचं. मिस्त्री पहाटेच्या एसटीनं कुठंतरी जायचे आणि संध्याकाळी परतायचे. चाचीला विचारलं तर म्हणायची, “काम है उनका.” एवढ्या बोलक्या बाईनं एवढंच सांगावं, याचं मला नवल वाटायचं.

ते कारण मला रेणुकामुळं कळलं.

रेणुका बिलोलीकडच्या एका खेड्यातली. दोन वर्षं माझ्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची, अक्षर मोत्यासारखं, पण पेपरात वेळ कमी पडायचा. डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा मागं राहिली. मग तिथंच होस्टेलमध्ये राहून लहान मुलांच्या शिकवण्या घेत तिनं बी.ए. केलं आणि पोलीस भरतीचा ध्यास घेतला. वडील कोरडवाहू शेती करणारे, शांत माणूस. त्यांनी सांगितलं होतं, “एक वर्स देतो, माय. मग मी म्हणीन तसं.” ते काय म्हणणार हे ठरलेलं होतं. मुखेडचं एक स्थळ त्यांनी थांबवून धरलं होतं.

भरतीत मुलींना तीन किलोमीटर पळावं लागे. रेणुकानं कधी पळायचा सराव केलेला नव्हता.

“मैदानावर जात जा की,” मी म्हटलं.

“गेले हुते म्याडम. एक चक्कर मारली की मागं चार पोरं पळायला लागतात. शिट्ट्या घालतात. होस्टेलचं दार बी उजाडल्याबिगर उघडत न्हाई.”

मी तिला मिस्त्रींकडं नेलं. ती सरळ मुद्द्यावर आली.

“चाचा, एक मशीन खुली करा. मला पळायचंय.”

“न्हाई.”

“भरतीत पळावंच लागतं, चाचा.”

“मग भरतीत पळ. इथं न्हाई.”

“सराव कुठं करू?”

मिस्त्री बिजागरीत तेल सोडायला वळले. मला राग आला. मी म्हटलं, “मिस्त्री, बावीस वर्षांची पोर आहे. तिचे गुडघे तुमच्या-माझ्यासारखे झिजलेले नाहीत. तिच्याकडं एकच वर्ष आहे, त्यातले दोन महिने गेलेत. तुमच्या एका हट्टापायी तिचं लग्न लागून जाईल. पळणं म्हणजे काय पाप आहे?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग जाऊन मुख्य बटण बंद केलं. पंखे थांबले, मशीन थांबली. एका मशीनवर एक बाई चालत होती, ती दांडीला धरून तशीच उभी राहिली. मिस्त्री पायऱ्या उतरून निघून गेले.

चाचीनं उठून बटण पुन्हा चालू केलं. मग आम्हा दोघींना जवळ बसवून तिनं मिस्त्रींची भूकंपानंतरची गोष्ट सांगितली.

भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते, मुखेडला. आमच्याकडं फळीवरची भांडी खाली आली, एवढंच. किल्लारीच्या बाजूला काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तिथं पत्र्याच्या शेडच्या वसाहती उभ्या राहिल्या आणि विधवा बायकांना शिलाई मशीन वाटली गेली. ती जोडून द्यायला मिस्त्री गेले. शेजारीच एक तंबू होता, दगडमातीच्या भिंतींखाली पाय गेलेल्या लोकांना कृत्रिम पाय बसवून चालायला शिकवायचे तिथं. धरून चालायच्या लोखंडी दांड्या डगमगत होत्या. मिस्त्रींनी आपणहून त्यांचे बोल्ट आवळले. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना ठेवून घेतलं. दोन दिवसांसाठी गेलेला माणूस दोन वर्षं राहिला.

“चलना क्या चीज है, उनको वहाँ कळलं, बेटी,” चाची म्हणाली. “एक एक पाऊल टाकायला माणसं रडायची. हे त्यांना धरायचे. घरी आले तरी झोपेत ‘टाच, टाच’ म्हणायचे.”

त्या तंबूत एक तरुण होता, तालमीतला. गुडघ्याखाली एक पाय गेलेला. बारा दिवसांत तो बिनकाठीचा चालू लागला. मिस्त्रींना त्याचा फार अभिमान होता. एके दिवशी बाहेरगावचे पाहुणे तंबू बघायला आले. मिस्त्रींनी त्याला पुढं केलं, चालून दाखवायला लावलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, “नुसतं चालून काय, पळून दाखव की!”

तो पळाला. पाच-सहा पावलं. तंबूची खुंटी उपटलेला एक खड्डा होता, त्यात नवा पाय अडकला. पडला तो चांगल्या पायावर. मांडीचं हाड वरच्या बाजूला मोडलं. ऑपरेशनं झाली, पण तो पुन्हा उभा राहिला नाही.

“मग?” रेणुकानं विचारलं.

“मग काय. दर महिन्याला जातात त्याच्याकडं. त्याला हातानं फिरवायची मशीन बसवून दिली, तो बसून कपडे शिवतो. बायको-लेकरं हायत त्याला. तो हसून बोलतो, चहा पाजतो. म्हणतो, मिस्त्री, तुमचं काही चुकलं न्हाई. इतकी वर्सं झाली, तो सांगून राहिला आन् हे ऐकत न्हाईत.”

त्यानंतर मी तीन दिवस हॉलकडं गेले नाही. चौथ्या दिवशी दुपारी मिस्त्री स्वतः माझ्या घराच्या दारात उभे. आत आले नाहीत.

“कोपऱ्यातली मशीन खुली केली,” ते म्हणाले. “तिला सांगा, दोनला यायचं. मी आत येणार न्हाई. दोरी चाची धरील.”

ट्रेडमिलला एक लाल दोरी असते. तिचा चिमटा पळणाऱ्याच्या कपड्याला लावतात; माणूस मागं सरकला की दोरी ओढली जाऊन पट्टा थांबतो. मिस्त्रींना तेवढ्यावर भरवसा नव्हता. दोरीचं टोक चाचीच्या हातात असायचं आणि ती मशीनला खेटून उभी असायची. मिस्त्री बाहेर पायरीवर बसायचे. आतून रेणुकाच्या पावलांचे धप धप आवाज यायचे आणि ते कुर्त्याचा कोपरा मुठीत धरून बसायचे. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून बघितलं. अर्ध्या तासात त्यांनी तो कोपरा एकदाही सोडला नाही.

चाचीला मात्र पळण्याचा नाद लागला. “आज वेग आठ झाला! आज नऊ!” असं ती दारातून गल्लीला सांगायची. एका दुपारी, रेणुका पाणी प्यायला उतरली असताना, चाची स्वतःच मशीनवर चढली, ओढणी खोचली आणि अर्धा मिनिट पळाली. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “इनको मत बोलना,” ती म्हणाली. पण बाहेर बसलेल्या माणसाला पावलं ओळखता यायची. आठवड्यानं चाचीच्या पायात निळे कापडी बूट दिसले. कुणी आणले विचारलं, तर साठीची ती बाई लाजून आत गेली.

नांदेडला भरती झाली. रेणुका पळाली, बसली नाही, पडली नाही. पण शेवटच्या महिन्यात नडग्या दुखायला लागल्या होत्या आणि वेळ जास्त लागला. यादीत तिचं नाव आलं नाही. परत आली ती लंगडत. मी मिस्त्रींच्या तोंडून ‘मी म्हणलो हुतो’ हे ऐकायची तयारी करून गेले. त्यांनी ते म्हटलं नाही. तेव्हाही नाही, पुढंही कधी नाही. चाचीला गरम पाण्यात मीठ टाकायला सांगितलं आणि रेणुकाला म्हणाले, “पंधरा दिवस पायाला काई काम सांगायचं न्हाई.”

वर्षातले चार महिने उरले होते.

मग एका सकाळी मी बारावीच्या बॅचला शिकवत असताना वर्गाचं दार उघडलं. एकशे वीस मुलं आणि दारात मिस्त्री, हातात घडी घातलेला पेपर. क्लासच्या इमारतीत ते कधीही आले नव्हते. जिने चढून आले होते तरी दम लागलेला नव्हता.

“म्याडम,” ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले, “सरकारला अक्कल आली.”

मुलं हसली. मी बाहेर गेले. पेपरात वनरक्षकांच्या भरतीची जाहिरात होती. लेखी परीक्षा, आणि मग मुलींसाठी चार तासांत सोळा किलोमीटर चालणं. त्या ओळीखाली त्यांनी पेन्सिलीनं दोनदा रेघ मारली होती.

“चालायची परीक्षा! म्याडम, चालायची! सरकार चालायची परीक्षा घेऊन राहिलंय!”

त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. वर्गाच्या खिडकीतून शंभर डोकी आमच्याकडं बघत होती.

लेखी परीक्षेचं मी पाहिलं. जंगल, प्राणी, झाडं, निम्मा माझाच विषय. चालण्याचं मिस्त्रींनी पाहिलं. आधी रेघ. मग मशीन, चढावर, आधी एक तास, मग दीड, मग दोन. आणि बोलत चालायचं, म्हणून ती त्यांना प्रश्नोत्तरंच म्हणून दाखवायची. मग रविवारी सकाळी औश्याच्या रस्त्यानं खरं चालणं. पुढं रेणुका, मागं मिस्त्री, त्यांच्या मागं चाची आणि मी. पहिल्या रविवारी नऊ किलोमीटरनंतर मी आणि चाची एसटीत बसून परत आलो. चौथ्या रविवारी नाही बसलो. मिस्त्री तेव्हा चौसष्ट वर्षांचे होते. रस्त्यात ते तिला फक्त एकच गोष्ट सांगायचे, “घाई करणारे पुढं जातील. जाऊ दे.”

पुढचं आधीच सांगून टाकते. रेणुकाला ती नोकरी मिळाली. आज ती किनवटच्या बाजूला जंगलात आहे, दोन मुलांची आई आहे, आणि तिचा नवरा मुखेडच्या त्या स्थळातला नाही. मिस्त्रींचा हॉल गेला. त्या जागी पाच मजली होस्टेल आहे. मिस्त्रीही गेले, चाची उदगीरला भाच्याकडं असते. फोनवर अजून मला वजन विचारते. मी रोज चालते.

पण मिस्त्री म्हटलं की मला ती चार तासांची सकाळ आठवते.

नांदेडजवळचा एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूला शेतं. शेवटच्या ठिकाणी दोरी लावून आम्हाला अलीकडं उभं केलं होतं. रेणुकाचे वडील बिलोलीहून एसटीनं आले होते. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्यांनी मला नमस्कार केला. मिस्त्रींना ते ओळखत नव्हते, मिस्त्रींनी ओळख दिली नाही. दोघं एकमेकांपासून दोन हातांच्या अंतरावर उभे राहिले, रस्त्याकडं बघत.

मुली सुटल्या तेव्हा बऱ्याच जणी पळतच सुटल्या होत्या, असं मागून येणाऱ्या जीपमधल्या माणसानं सांगितलं. साडेदहानंतर ऊन चढलं. पहिल्या काही जणी आल्या. त्यांच्यात रेणुका नव्हती. मग जीप पुन्हा आली, तिच्यात पोटरी धरून बसलेल्या तीन मुली. त्यांच्यातही ती नव्हती. तिच्या वडिलांनी टोपी काढून पुन्हा घातली. तीन तास झाले. मिस्त्री रस्त्याकडं पाठ करून उभे राहिले.

“आली,” चाची म्हणाली.

ती चालत येत होती. मान सरळ, हात सैल, टाच आधी. तिच्या पुढं दोघी जणी अर्धवट पळत, अर्धवट थांबत चालल्या होत्या. आमच्या डोळ्यांदेखत तिनं त्यांना मागं टाकलं. शेवटच्या खुणेपलीकडं आली, साहेबाला नंबर दाखवला, सही केली. वेळ शिल्लक होता. मग आमच्याकडं आली आणि मैलाच्या दगडावर बसली. वडील पुढं झाले, पण जवळ जाऊन नुसतेच उभे राहिले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

मिस्त्री खाली धुळीत बसले आणि त्यांनी तिच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. मोजे निघताना तिनं ओठ दाबले. दोन्ही टाचांवरचे फोड फुटले होते, डाव्या पायाची करंगळी रक्तानं माखली होती. मिस्त्रींनी तिचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चाचीकडं पाण्यासाठी हात केला.

रेणुकानं पाय ओढून घेतला. “चाचा, नका हो. पाय नका धरू माझे. पाप लागंल मला.”

त्यांनी मान वर केली नाही. पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतला आणि चष्मा पुसून अंगठा, टाच, घोटा फिरवून फिरवून बघू लागले.

“पाय कोण धरून राहिलंय?” ते म्हणाले. “मिस्त्री हाय मी. मशीन बघून राहिलो. गप बस.”

तिच्या वडिलांनी पिशवी खाली ठेवली. चाचीच्या हातातली बाटली त्यांनी घेतली, मिस्त्रींच्या शेजारी उकिडवे बसले, आणि ते पाय फिरवतील तसं हळूहळू पाणी सोडू लागले.